पहिल्या शिकारीची तयारी

आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त गेली अकरा वर्षे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर या नगरात राहतो. मागील महिन्यात त्याचे एक दीर्घ पत्र आले. ते संगणकावरून आले हे खरे. परंतु मायन्यात ‘ती. काकांस साष्टांग नमस्कार’ असल्यामुळे आम्ही त्यास पत्रच म्हणतो. कुशल वर्तमान दोन ओळींत आटोपून चिरंजीवांनी पुढचे सारे पत्र एकाच विषयास वाहिले होते. येत्या ऑक्टोबरात तो आयुष्यातील पहिल्या शिकारीस जाणार आहे. शिकार कशाची, तर एल्क नावाच्या प्रचंड हरणाची; आणि कोठे, तर रॉकी पर्वतातील नऊ-दहा हजार फूट उंचीवरच्या सरकारी अरण्यात, जेथे मोटारीचा रस्ता संपल्यावर आपले पाय आणि आपली पाठ एवढाच आधार उरतो.

आमच्या वहिनींनी, म्हणजे त्याच्या मातुःश्रींनी, पत्र वाचून चष्मा काढून ठेवला आणि ‘या घरात कधी अंडेसुद्धा आले नाही, आणि हा आता हरणे मारणार!’ एवढे बोलून त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्यांच्या दृष्टीने विषय तेथेच संपला. आम्ही मात्र ते पत्र दोनदा वाचले. कारण त्यात बंदुकीविषयी फारसे काही नव्हतेच. होती ती तयारीची हकीकत, आणि ती वाचण्याजोगी होती.

तिकडे बंदूक खांद्यावर टाकली आणि निघाले, असे चालत नाही. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकास आधी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा द्यावी लागते. मग परवाना, तोही अमुक हंगामासाठी, अमुक प्राण्यासाठी. राज्याच्या वनभूमीचे क्रमांक घातलेले विभाग आहेत. त्यांतून आपला विभाग निवडावयाचा. नंतर नकाशे घेऊन बसावयाचे. उंचीच्या रेषा जेथे दाटीने आल्या तेथे कडा, जेथे विरळ झाल्या तेथे पठार. उत्तरेकडील उतारावर झाडी दाट, म्हणून दिवसा जनावर तेथे विसाव्यास जाणार. गवताची कुरणे कोठे, पाणी कोठे, रस्त्यापासून अंतर किती. हिवाळाभर त्याने हे केले. उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी पाठीवर वीस-वीस किलोंचे ओझे बांधून तो डोंगर चढू लागला. कारण पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे भरतो, आणि मारलेल्या जनावराचे खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा तेथे गुन्हा आहे. ते कापून, पाठीवर वाहून, पाच-सहा खेपा करून रस्त्यापर्यंत आणावे लागते. पुतण्या लिहितो, ‘काका, चाप ओढणे हे एका क्षणाचे काम. बाकी सगळी हमाली.’ हे वाक्य आम्हांस आवडले.

पत्राच्या शेवटी एक प्रश्न होता. पणजोबांच्या पेटीत शिकारीचे जे कागद आहेत, त्यांत काही उपयोगाचे सापडेल काय?

त्या कागदांकडे येण्यापूर्वी ‘एल्क’ या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण हा शब्द फार हिंडलेला आहे. युरोपात एल्क म्हणजे रुंद, पसरट शिंगांचे निराळेच जनावर. अमेरिकेत गेलेल्या वसाहतवाल्यांनी तेथील मोठ्या हरणास चुकून तेच नाव दिले. त्याचे तेथील मूळ रहिवाशांच्या शॉनी भाषेतील नाव वापिती, म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचा. आणि सिंहलद्वीपात व दक्षिण हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी एल्क कोणास म्हणावे? आपल्या सांबरास! सॅम्युअल बेकर याने नुवारा एलियाच्या डोंगरांतील शिकारींवर १८५४ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातील सारे ‘एल्क’ म्हणजे सांबरेच होत. तेव्हा पुतण्या कोलोरॅडोत ज्याच्या मागे जाणार, त्याचा नामबंधू आपल्या हैदराबादेपासून तीन-चार तासांच्या वाटेवर, नल्लमलाच्या डोंगरांत राहतो. तिकडे नऊ हजार फुटांवर बर्फ आणि इकडे उन्हाने तापलेले दगड, एवढा भेद सोडला, तर दोघांचे स्वभाव पुष्कळ जुळतात. दोघेही पहाटे व सांजेस चरणारे, दिवसा दाट सावलीत बसणारे, डोळ्यांपेक्षा कानांवर आणि कानांपेक्षा नाकावर विसंबणारे.

सांबर हे आपल्या देशातील सर्वांत मोठे हरीण. खांद्याशी उंची पाच फुटांच्या आसपास, अंगाचा रंग मातकट ते काळपट, मानेवर राठ आयाळ. नराच्या शिंगास तीन फाटे. ही शिंगे दरवर्षी गळतात व पुन्हा उगवतात. नवी शिंगे आधी मखमलीसारख्या कातडीत गुंडाळलेली असतात, मग नर ती झाडांच्या बुंध्यांवर घासून सोलतो. अशी सोललेली साल छातीच्या उंचीवर दिसली, की समजावे येथून नर गेला. चितळांसारखे मोठे कळप सांबर करीत नाही. एकटे-दुकटे, फार तर चार-सहा माद्या-पिल्ले एकत्र. धोक्याची चाहूल लागताच ते पुढचा पाय जमिनीवर आपटते, शेपटी ताठ करते आणि ‘पोंऽक’ असा एक आवाज काढते. रात्री डोंगराच्या कुशीत हा आवाज ज्याने एकदा ऐकला, त्यास तो पुन्हा ओळखण्यास कोणाची मदत लागत नाही. चितळ फुकाचे ओरडेल, माकड तर ओरडतेच. सांबर सहसा ओरडत नाही, म्हणून जुने शिकारी त्याचा शब्द प्रमाण मानीत.

आता ते कागद. आमचे आजोबा निजामी अमदानीत आदिलाबाद जिल्ह्यात, किनवट तालुक्यात पेशकार होते. (किनवट तेव्हा आदिलाबादेत होते, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते नांदेडकडे गेले. आपल्यापैकी कित्येकांचे आप्त त्या बाजूस आहेत.) आजोबांनी जन्मात बंदुकीस हात लावला नाही, कांदा-लसूणही वर्ज्य. परंतु बड्या अधिकाऱ्यांची स्वारी जंगलात यावयाची झाली, की शिकारीची सगळी आखणी त्यांच्या माथी. पेटीतला कागद म्हणजे अशाच एका मुक्कामाची यादी. अर्धी मोडीत, अर्धी उर्दूत. त्यात तंबू आहेत, बैलगाड्या आहेत, तांदूळ, डाळ, तूप, घोड्यांचा दाणा, बर्फाची पेटी, वाघाच्या आमिषासाठी रेडकू, ढोल, ताशे, मशाली आहेत. मचाणांसाठी बांबू कोणत्या गावाने द्यावयाचे आणि हाकाऱ्यांसाठी माणसे कोणत्या गावाने, हे गाववार मांडले आहे. एकेका वस्तूसमोर दाम लिहिला आहे. हाकाऱ्यांच्या नावापुढे मजुरीचा रकाना आहे आणि तो कोरा आहे.

तो कोरा का, हे जुन्या माणसांस सांगावयास नको. ती वेठ होती. तेलंगी मुलखात तिला वेट्टी म्हणत. अमलदार दौऱ्यावर आला की गावाने राबावयाचे, हा त्या राज्यातला शिरस्ता. अंगावर धडके वस्त्र नसलेली माणसे काठ्या आपटीत, ओरडत झाडीत शिरत, आणि त्यांच्यापुढून उठलेले जनावर मचाणावर बसलेल्या पाहुण्यासमोर आपसूक येई. लॉर्ड कर्झन व लेडी कर्झन १९०२ च्या एप्रिलात वरंगल जिल्ह्यात नेकोंडा येथे शिकारीस आले, तेव्हाचे राजा दीनदयाळ यांनी टिपलेले छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. साहेब, मडम आणि पुढ्यात पडलेला वाघ. दीनदयाळांच्या कलेस आमचा दंडवतच आहे. पण ते चित्र पाहताना नजर राहून राहून चौकटीच्या बाहेर जाते. वाघ कोठे झोपतो, कोणत्या नाल्याने उतरतो, वारा कोणत्या प्रहरी कसा फिरतो, हे ज्यांस ठाऊक होते आणि ज्यांच्या माहितीवर ती सारी शिकार उभी राहिली, ते त्यात नाहीत.

शिकारीच्या आखणीची शास्त्रे आपल्या या भागात काही आजची नव्हेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या विनोदांमध्ये मृगया आहे आणि तिचे कितीतरी प्रकार सांगितले आहेत. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. १९५६ पर्यंत ते हैदराबाद संस्थानातच होते. राजाने लिहिले आणि पंडितांनी जपले, म्हणून ते ज्ञान ग्रंथात राहिले. नल्लमलातील चेंचूंचे ज्ञान कोणी ग्रंथात घातले नाही. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ १९४० साली अमराबादच्या पठारावर चेंचूंमध्ये जाऊन राहिले, तेव्हा कोठे त्यांच्यावर पुस्तक झाले. ते १९४३ साली निघाले. चेंचू धनुष्यबाण बाळगतात, म्हणून ते शिकारीवर जगत असतील असा बाहेरच्यांचा समज. हैमेनडॉर्फ यांनी पाहिले, की त्यांचे पोट मुख्यत्वे कंदमुळांवर, फळांवर भरते. टोकदार काठीने जमीन उकरून बाया कंद काढतात, पुरुष कड्यांवर दोरांनी लोंबकळून मध काढतात, आणि शिकार मिळाली तर मिळाली. ज्यास रोज त्याच डोंगरात जगावयाचे आहे, तो डोंगर रिकामा करीत नाही.

मग बंदुका वाढल्या, जीपगाड्या आल्या, रात्री झगझगीत दिव्यांनी जनावरांचे डोळे दिपवून मारणारे आले, आणि स्वातंत्र्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत कित्येक राने ओस पडली. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्यातही प्रथम काही प्राण्यांसाठी शिकारीच्या परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली. आज सांबराची शिकार हा तुरुंगवासाचा अपराध आहे. अभयारण्यात गळून पडलेले शिंगसुद्धा उचलून घरी आणता येत नाही. आणि ज्यांच्या जुन्या वाड्यात भिंतीवर शिंगे आहेत, त्यांच्याजवळ मालकीचा सरकारी दाखला असावा लागतो. (आमच्या माहितीतील एका घरी ती शिंगे टोप्या अडकविण्यासाठी वापरीत. आता टोप्याही गेल्या.)

पुतण्याचे म्हणणे असे, की शिकारी हेच रानाचे खरे राखणदार होत, आणि अमेरिकेपुरते त्यात तथ्य आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे एल्क सुमारे लाखभरच उरले होते. आज दहा लाखांच्या घरात आहेत. १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कर वन्यजीवांच्या कामी लागतो. परवान्यांचा पैसाही त्याच खात्यास जातो. परंतु ही व्यवस्था उचलून येथे लावावी असे जे अधूनमधून सुचविले जाते, ते आम्हांस मान्य नाही. तिकडे मैलोगणती निर्मनुष्य रान आहे आणि दर परवान्याची मोजदाद आहे. आपल्याकडे रान तुटक, त्याच्या कडेस गुरे, शेते, वस्त्या. आणि परवाना कोणास मिळेल, हे आजोबांच्या यादीवरूनच समजते. कायद्याने बंदूक काढून घेतली ती योग्यच झाले.

हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. बंदूक गेली तशी ती तयारीही गेली. नकाशा, वारा, पाणवठा, माग, ऋतू, चालण्याचा दम, तासन् तास न हलता बसण्याची सवय, यांतले काहीही कायद्याने मना केलेले नाही. पण आपल्या मुलांना त्याची गंधवार्ता नाही. हैदराबादेतील बहुतेक मराठी कुटुंबे श्रीशैलास जाऊन आलेली असतात. मल्लिकार्जुनाचे दर्शन होते. १६७७ साली शिवाजी महाराज भागानगराहून पुढे निघाले असता श्रीशैलास आले होते, म्हणून त्यांचे स्मारकही भक्तिभावाने पाहिले जाते. पण मन्नानूर ते दोमलपेंटा हा सारा रस्ता ज्या अमराबाद व्याघ्रप्रकल्पातून जातो, त्याचे गाभा आणि भोवतालचा पट्टा मिळून क्षेत्र २६११ चौरस किलोमीटर आहे, आणि त्यात सांबर आहे, वाघ आहे, अस्वल आहे, हे ठाऊक असूनही मोटारीच्या काचा बंद असतात व आत मुले झोपलेली असतात.

तेव्हा पहिल्या शिकारीची तयारी आपल्या घरच्या मुलांनी कशी करावी, ते लिहितो. शस्त्र नाही, शोध सगळा तोच.

आरंभ नल्लमलात करू नये, चिलकूरला करावा. चिलकूरचा बालाजी अमेरिकेच्या व्हिसासाठी प्रसिद्ध. आमच्या पुतण्यानेही तेथे अकरा प्रदक्षिणा घालून नवस बोलला होता आणि व्हिसा मिळताच एकशे आठ घालून तो फेडला होता. त्याच गावी मृगवनी राष्ट्रीय उद्यान आहे, १९९४ पासूनचे, लहानसे. त्यात चितळे व सांबरे आहेत. एकशे आठ प्रदक्षिणा घालणाऱ्या पायांनी त्या कुंपणाआड एक फेरी घातली असती, तर कोलोरॅडोपूर्वीच बराच अभ्यास झाला असता! तेथे पायवाटेवर ठसे पाहण्यास शिकावे. चितळाचा खूर लहान व निमुळता, सांबराचा मोठा व भरदार. ठशाच्या कडा तीक्ष्ण असतील तर तो ताजा, त्यावर मुंगीची वाट किंवा गवताची काडी आली असेल तर शिळा. लेंड्या ओल्या की वाळलेल्या, हे पाहण्यास लाज वाटू नये. शिकाऱ्याचे अर्धे वर्तमानपत्र तेच.

मग वारा. हा धडा कोलोरॅडोत व नल्लमलात एकच आहे. रात्री व पहाटे थंड हवा डोंगरावरून खाली वाहते. ऊन तापले की ती उतारावरून वर चढू लागते. म्हणून पहाटे दरीतून वर पाहत जावे आणि ऊन चढल्यावर वरून खाली. वास पुढे गेला, की डोळे, कान, दुर्बीण सारे व्यर्थ. चिमूटभर राख फडक्यात बांधून जवळ ठेवावी व अधूनमधून उडवून पाहावी. जुने शिकारी हेच करीत, आणि पुतण्या ज्या प्लास्टिकच्या कुपीतून पूड उडवितो ती तरी दुसरे काय? साबणाचा, अत्तराचा, केसांच्या तेलाचा घमघमाट त्या दिवशी घरी ठेवावा. पांढरी वस्त्रे नकोत. तिकडे बंदुकीच्या हंगामात झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी रंगाचे वस्त्र अंगावर असणे सक्तीचे आहे, ते दुसऱ्या शिकाऱ्याच्या गोळीच्या भयाने. आपणांस ते भय नाही, म्हणून मातीच्या, वाळल्या पानांच्या रंगाचे कपडे उत्तम.

चिलकूरला दोन-चार सकाळी गेल्या की मन्नानूर. कलवकुर्ती, डिंडीवरून गेल्यास हैदराबादेपासून सुमारे १४० किलोमीटर. तेथून पुढे फरहाबाद. निजामाच्या शिकारखान्याचे भग्नावशेष अजून तेथे रानात उभे आहेत. जंगल खात्याची गाडी तेथून कड्यापर्यंत नेते. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात पायी हिंडण्याची मुभा नाही व गाडीतून उतरण्याचीही नाही. हा नियम जाचक वाटला तरी पाळावा. ‘जरा पाच मिनिटे उतरू द्या’ अशी गळ घालणारे सुशिक्षित गृहस्थ आम्ही पाहिले आहेत, आणि वाटाड्याची झालेली अडचणही पाहिली आहे. गाडी एखाद्या वळणावर थांबवून, यंत्र बंद करून पंधरा मिनिटे मुकाट बसण्यास मात्र कोणी हरकत घेत नाही. पहिली पाच मिनिटे काही ऐकू येत नाही. मग रान हळूहळू आपणांस विसरते.

वाटाडे पुष्कळदा चेंचू असतात. खात्याच्या पहारेकऱ्यांतही चेंचू आहेत. त्यांच्याशी तेलुगूत बोलावे. आपल्या पिढ्यान् पिढ्या येथे गेल्या, एवढे तेलुगू आपणांस आलेच पाहिजे. पानाचे, पाखराचे नाव विचारावे, लिहून घ्यावे. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत आयुष्यभर असेच विचारून, ऐकून, टिपून पाखरांचे व प्राण्यांचे कोश मराठीस दिले. जून २०२५ मध्ये ते आपल्या सोलापुरी निवर्तले. त्यांच्या टिपणवह्यांमागे गोंड, माडिया, ढीवर अशी किती माणसे उभी होती, हे त्यांनी स्वतःच ठिकठिकाणी सांगून ठेवले आहे. आणि वाटाड्याची मजुरी ठरलेल्या दराहून थोडी अधिक, त्याच्याच हातात द्यावी.

आणखी एक गोष्ट मुलांस सांगून ठेवावी. ज्या पेंटांतून, म्हणजे लहान वाड्यांतून, हे लोक येतात, त्यांतील काही गाभ्यात आहेत आणि त्यांच्या पुनर्वसनाची बोलणी वर्षानुवर्षे चालू आहेत. वाघासाठी माणसाने हलावे काय, यावर शहरात बसून निकाल देणे सोपे. आम्ही तो देत नाही. पण २०१९ साली याच रानात ८३ चौरस किलोमीटरांवर युरेनियमच्या शोधासाठी तत्त्वतः अनुमती मिळाली होती आणि लोक उठले, तेव्हा त्याच वर्षी सप्टेंबरात तेलंगणाच्या विधानसभेने त्याविरुद्ध ठराव केला, हेही विसरू नये. जे रान चेंचूंच्या काठीने झिजत नाही, ते कशाने झिजते, याचा विचार मुलांनी स्वतः करावा.

ज्या मुलामुलींना याहून पुढे जावयाचे असेल, त्यांच्यासाठी खरी ‘पहिली शिकार’ महाराष्ट्रात आहे. वैशाखातील बुद्धपौर्णिमेच्या रात्री तिकडील अभयारण्यांत पाणवठ्यांवर मचाणे बांधून प्राण्यांची मोजणी करण्याचा प्रघात आहे. आता वनखाते त्यास निसर्गानुभव म्हणते व नावे नोंदवून बाहेरच्यांसही बसू देते. मेळघाट, नागझिरा, ताडोबा. आपल्या किनवटच्या शेजारी पैनगंगा आणि टिपेश्वर. आमची भाची एके वर्षी अशी बसली होती. उन्हे कलण्यापूर्वी मचाणावर चढावयाचे आणि सूर्य वर येईपर्यंत उतरावयाचे नाही. बोलणे नाही, खोकला आला तर उशीत. पौर्णिमेचे चांदणे, खाली एक डबके. रात्री दहापर्यंत दोन रानडुकरे, एक मुंगूस, बाकी रातकिडे. दीडच्या सुमारास झाडीच्या कडेस एक सावली उभी राहिली आणि बराच वेळ उभीच राहिली. मग पुढे आली तेव्हा शिंगे दिसली. पाण्यापासून वीस पावलांवर तो नर पुन्हा थांबला, नाक वर केले, आणि पाणी न पिताच मागे वळला. वारा फिरला होता. तिच्या वहीत त्या रात्रीची नोंद ‘सांबर, नर, १’ एवढीच आहे; पण घरी आल्यावर ती आठवडाभर दुसरे काही बोलत नव्हती, आणि पुढच्या वर्षी तिने केसांस तेल लावले नाही.

काही दिसणार नाही, ही शक्यता मुलांस आधीच सांगावी. पुतण्यानेही लिहिले आहे, की तिकडे सरकारी रानात स्वतःच्या बळावर जाणाऱ्या दर पाच-सहांतून फार तर एकास एल्क मिळतो. बाकीचे नुसते चालून येतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जातात.

सामानाची यादी छोटी आहे. दुर्बीण घरात एक असली तरी पुरे. अंगभर सुती कपडे, कॅनव्हासचे जुने बूट, टोपी. पाणी माणशी तीन लिटर, धातूच्या बाटल्यांत. प्लास्टिक नेऊच नये. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. कुरकुर वाजणारे पदार्थ नकोत. एक वही, एक शिसपेन्सिल, कारण थंडीत व घामात तीच चालते. भ्रमणध्वनी आणावयाचाच तर मुका करून. मन्नानूरचा नाका रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, म्हणून आदल्या संध्याकाळीच पोहोचावे. जुलै ते सप्टेंबर व्याघ्रप्रकल्प बंद राहतो. दिवाळीनंतर रान हिरवे व दाट, हवा सुखाची, पण जनावर दिसणे कठीण. फाल्गुनात पाने झडू लागली की दृष्टी लांब जाते, आणि चैत्र-वैशाखात पाणी मोजक्या जागी उरते तेव्हा सांबर संध्याकाळी तेथे येते. ऊन सोसत असेल त्यांनी एप्रिल निवडावा. लहान मुले बरोबर असतील तर जानेवारीचा शेवटचा आठवडा बरा, आणि पहिल्या फेरीस सांबराऐवजी त्याचे ताजे ठसे मिळाले, तरी ते वहीत मापासह उतरवून घ्यावेत.